पाणी लिफ्टनं येत नाही

मा. संपादकसाहेब, स.न.वि.वि.

उन्हाळा लागला की तुमच्या पेपरात एक बातमी हमखास येते, "कमी दाबाने पाणीपुरवठा, नागरिक त्रस्त", आणि खाली गुंड-बादल्या घेऊन उभ्या असलेल्या बायांचा फोटो. ही बातमी मी नोकरीला लागलो तेव्हापासून वाचून राहिलो, आता रिटायर होऊनही सात वर्षं झाली, पण कमी म्हणजे किती कमी आणि कोणत्या माळ्यावर कमी हे एकदाही वाचायला मिळालं नाही. तापमान तुम्ही ४५.२ असं दशांशासकट छापता, मग पाण्याच्या दाबानं काय घोडं मारलं? पत्र जरा लांबेल, कापायचंच असेल तर सुरुवात कापा, मधलं कापू नका.

झालं असं की मुलाला मोठा फ्लॅट घ्यायचाय म्हणून मागच्या रविवारी आम्ही सगळे वर्धा रोडकडे एक स्कीम पाहायला गेलो. बावीस माळे. एकेकाळी नागपुरात चार माळ्यांची फ्लॅट स्कीम म्हणजे लोक मान वर करून पाहायचे. सेल्सचा पोरगा टाय लावून, एसी फुल, कोल्ड कॉफी आली, जिम दाखवलं, स्विमिंग पूल दाखवला (कागदावर), कुत्रे फिरवायची वेगळी जागा पण दाखवली. मग एकोणिसाव्या माळ्याचा रेट काढला. मी विचारलं, "बाबू, एकोणिसाव्या माळ्यावर पाणी कसं येते रे?" तो म्हणे, "ट्वेंटी फोर बाय सेव्हन, सर." म्हंटलं अरे किती वेळ येते ते नाही विचारलं, कसं येते? त्यानं सुनबाईकडे पाहिलं, हसला आणि म्हणाला, "लिफ्ट पण फास्ट आहे सर आपली." पाण्याला लिफ्टचं उत्तर काहून दिलं ते त्याचं त्याला माहीत.

घरी येताना सून म्हणाली, बाबा, तुम्ही उगाच छळलं बिचाऱ्याला. छळलं नाही हो. पाणी नेमकं कुठे मुरतं ते मी आमच्याच बिल्डिंगमध्ये अकरा वर्षं सोसून शिकलोय.

आमची स्कीम खाली पार्किंग आणि वर सहा माळे, एका माळ्यावर चार घरं, एकूण चोवीस. आम्ही सहाव्यावर. हवा छान, डास कमी, दिवाळीत सगळ्या शहरातले फटाके दिसतात, फक्त नळाला धार नाही. थंडीत गॅस गीझर लावला तर तो नुसता टक टक टक करायचा आणि पेटायचाच नाही. सेल बदलले, गीझर बदलला, कंपनीच्या माणसाला तीनदा बोलावलं, त्यानं तिन्ही वेळा पैसे घेतले. मी महापालिकेच्या तक्रार नंबरवर फोन करायचो, ते लोक येऊन खालच्या मीटरपाशी पाहायचे, तिथे पाणी धोधो, मग "साहेब आमच्याकडून तर बरोबर येऊन राहिलं" म्हणून सही घेऊन जायचे, आणि मी वर येऊन त्यांनाच शिव्या घालायचो. पहिल्या माळ्यावरचे लोक म्हणायचे आमच्याकडे तर नळ जोरात उघडला की सिंकमधून पाणी उडून शर्ट ओला होतो, तुमचा काहीतरी वहम आहे.

शेवटी कोणीतरी एक प्लंबर आणला, वय पंचविशीतलं पण डोकं ठिकाणावर. त्यानं झोल्यातून स्टोव्हच्या पंपाएवढं एक घड्याळ काढलं, प्रेशर गेज, रबरी नळीचा तुकडा लावून ते माझ्या बेसिनच्या नळाला बसवलं. काटा कुठे गेला, ०.४ वर. मग पहिल्या माळ्यावर जाऊन तसंच केलं, १.९. मी हिशेबातला माणूस, आयुष्य बँकेत लेजर जुळवण्यात गेलं, म्हणून त्याला विचारलं हा फरक आला कुठून. त्यानं सांगितलं ते इतकं सोपं होतं की मला लाज वाटली: दहा मीटर उंच पाणी उभं असलं की खाली चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलोचा दाब होतो, पाइप जाड असो की बारीक. माझा नळ टेरेसवरच्या टाकीतल्या पाण्याच्या चार मीटर खाली, म्हणून ०.४. पहिला माळा माझ्यापेक्षा पाच माळे खाली, माळ्याला तीन मीटर धरले तर पंधरा मीटर, म्हणजे दीड किलो. ०.४ मध्ये दीड मिळवा, १.९. ताळा जुळला! आणि शॉवर नळापेक्षा अजून मीटरभर वर असतो म्हणून तिथे ०.३, तेही नळ बंद असताना. सकाळी सातला चारही घरचे नळ सुरू झाले की काटा शून्याला टेकतो, मग पाण्याच्या दाबानं पेटणारा गीझर पेटणार कसा.

मी म्हंटलं पण टाकी तर आमच्याच डोक्यावर आहे, आम्ही तर सगळ्यात जवळ. तो हसला आणि म्हणाला, "काकाजी, जवळ असून का फायदा, पाणी का लिफ्टनं येते का? ते पडते. जितकं खालतं पडन तितका जोर."

गंमत पहा, वरच्या माळ्यावाल्याचं दोन्हीकडून मरण आहे. डायरेक्ट नळाचं पाणी असलं तर ते खालून चढतं, म्हणून वर पोचेपर्यंत दम संपतो. टाकीचं असलं तर ते वरून पडतं, म्हणून वरच्याला पडायला जागाच नाही. आणि उन्हाळ्यात टेरेसवरची ती काळी प्लास्टिकची टाकी दुपारभर तापली की पहिलं गरम पाणी आमच्याच नळाला, मे महिन्यात दुपारी दोनला हात धुवायचे म्हणजे चटका. आम्ही आंघोळीच्या बादल्या पहाटेच भरून ठेवतो. थंडीत गीझर पेटत नाही आणि उन्हाळ्यात गरज नसताना उकळतं पाणी, असं ते सहाव्या माळ्याचं सुख.

आता महापालिकेची बाजू, कारण अकरा वर्षं मी उगाच त्यांना बोललो त्याची थोडी भरपाई. आपलं बरंचसं पाणी पेंचचं, नवेगाव खैरीच्या जलाशयातून गोरेवाड्याला येतं, तिथे शुद्ध होतं, सेमिनरी हिल्सच्या उंचावरच्या टाकीत जातं, तिथून वस्त्यांमधल्या जलकुंभात. पूर्वेकडच्या बऱ्याच भागाला कन्हानचं पाणी. सेमिनरी हिल्सच काहून, तर ती उंच आहे म्हणून, तिथून पाणी आपल्या वजनानं उतरतं, आपली नाग नदी पण पश्चिमेकडून पूर्वेकडे उतारानंच वाहते की. म्हणजे सगळ्या शहराचं गणित आमच्या बिल्डिंगसारखंच आहे, फक्त टाकी मोठी. जलकुंभाच्या जवळ आणि सखल भागात राहणाऱ्याला धार, चढावर आणि लाइनच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्याला करंगळी.

आणि मुळात महापालिकेनं किती दाब द्यायचा याचं माप आहे. केंद्र सरकारचं पाणीपुरवठ्याचं १९९९ चं मॅन्युअल होतं (२०२४ मध्ये नवं आलं), त्यात घराच्या जोडणीपाशी एक मजली घरासाठी ७ मीटर (म्हणजे ०.७ किलो), दोन मजल्यांसाठी १२ आणि तीन मजल्यांसाठी १७ मीटर दाब असावा असं दिलं होतं, आणि साधारणपणे २२ मीटरच्या वर दाब ठेवू नये असंही. त्याहून उंच बिल्डिंगनं आपला पंप लावून घ्यावा. म्हणजे कागदावर सगळं नीट असलं तरी रस्त्यावरचं पाणी तिसऱ्या माळ्याच्या पुढे चढवणं हे कोणाचं कामच नाही, ते बिल्डिंगचं काम आहे. कोणी म्हणेल मग सगळ्या शहराचाच दाब वाढवा. वाढवला तर जुने पाइप फुटतील, जिथे थेंब थेंब गळते तिथे पिचकारी उडेल, आणि सहाव्या माळ्याच्या माणसासाठी खालच्या सगळ्यांच्या लाइनी ताणल्या जातील. न्यूयॉर्कचं उदाहरण देतात लोक, तिथे डोंगरातल्या जलाशयांचं पाणी उतारानं येतं आणि दाब चांगला, पण तोही साधारण सहा माळ्यांपर्यंतच, म्हणून तर तिथल्या उंच बिल्डिंगांच्या डोक्यावर त्या लाकडी गोल टाक्या दिसतात. अमेरिका झाली तरी पाणी पाणीच आहे.

हे न समजल्यामुळे लोक काय करतात, टुल्लू पंप लावतात. डायरेक्ट नळाच्या लाइनला. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण आपल्या शहरातल्या अर्ध्या पाण्याच्या भांडणांचं मूळ इथे आहे. टुल्लू पाणी तयार करत नाही, तो शेजाऱ्याचं ओढतो. एकानं लावला की दुसऱ्याला येत नाही, म्हणून दुसरा लावतो, मग तिसरा एक एचपीचा आणतो, महिनाभरात अख्खी गल्ली पंपावर आणि पाणी तेवढंच. त्याच्याहून वाईट म्हणजे लाइनमध्ये दाब असला तर फुटक्या जोडातून पाणी बाहेर येतं, पण पंपानं लाइन चोखली की उलटं होतं, बाहेरचं आत ओढलं जातं. आणि आपल्याकडे नळाच्या लाइनीशेजारी काय असतं ते सांगायला नको, कुठे गडर (सांडपाण्याची) लाइन तर कुठे नालीच. सकाळी पहिल्या दोन बादल्यांना वास येतो, पिवळट पाणी येतं, तेच पंपवाले लोक म्हणतात "वरूनच खराब सोडलं". बरेचदा ते वरून नाही, आपणच बाजूनं ओढलेलं असतं. महापालिका पंप जप्त करते तेव्हा आरडाओरडा होतो, मी पण एकदा केला होता, खोटं काहून बोलू.

नियमात बसणारा रस्ता म्हणजे खाली संप, जमिनीतली टाकी. पाणी आपल्या चालीनं खालच्या टाकीत पडू द्यायचं आणि मग आपली मोटर ते वर ढकलेल. ढकलेल म्हणतोय, ओढेल नाही. आमच्या मीटिंगमध्ये एकदा सेक्रेटरी साहेबांनी प्रस्ताव मांडला की पार्किंगमधून मोटर चोरीला जाते तर ती टेरेसवर बसवा, वरून खेचून घेईल. सगळ्यांनी माना डोलावल्या, मी पण. त्या प्लंबर पोरानं ऐकलं आणि तिथेच खाली बसून हसला. पंप ओढतो म्हणजे काय करतो, पाइपातली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर सारतो, आणि त्या हवेची ताकदच मुळात दहा मीटरच्या आसपास, प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या वर ओढत नाही. टेरेसवर हजार एचपीची मोटर ठेवली तरी दुसऱ्या-तिसऱ्या माळ्याच्या वर पाण्याचा थेंब येणार नाही. म्हणून मोटर खालीच, कुलूप मोठं घ्या.

मग वीजेचा मुद्दा निघाला, पहिल्या माळ्यावरचे म्हणे वर पाणी चढवायचा खर्च वरच्यांनी द्यावा. मी हिशेब करून दाखवला. चोवीस घरं, घराला दिवसाचे सहाशे लिटर धरले तर चौदा हजार चारशे लिटर, संपाच्या तळापासून टाकीच्या तोंडापर्यंत सव्वीस मीटर. नुसतं उचलायला एक युनिट लागतं, आपल्या मोटरी अर्धी वीज तापण्यात घालवतात, पाइपचं घर्षण धरा, तरी अडीच युनिट. एका घरचा कूलर रात्रभर चालतो तो दोन युनिट खातो! चोवीस घरांचं दिवसभराचं पाणी सहा माळे चढतं ते जवळजवळ एका कूलरच्या वीजेत, आणि त्याच्यावर आमची दोन मीटिंगांची भांडणं झाली, एका वहिनींनी तर हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. बाय द वे कूलर पाणी किती पितो तेही कोणी मोजत नाही, एप्रिल-मे मध्ये प्रत्येक घरी दोन-दोन कूलर, आमच्याकडे जी मोटर दिवसात दोनदा चालायची ती तीनदा चालवावी लागते.

उपाय काय केला ते सांगतो. टाकी तीन मीटर उचलायची असा पहिला विचार होता, पण पंधरा हजार लिटर म्हणजे पंधरा टन, ते उंच स्टँडवर चढवायला स्ट्रक्चरल इंजिनिअरनं नको म्हंटलं. त्याच्या आधी आमच्या समोरच्यांनी स्वतःपुरता प्रेशर पंप घरात लावला होता, तो वरून येणाऱ्या सामायिक लाइनमधून ओढायचा, म्हणजे टुल्लूचाच भाऊ, त्यांचा शॉवर सुरू झाला की आमच्या नळातून सू सू हवा. तो काढायला लावला (यालाच चार महिने लागले). मग वरच्या दोन माळ्यांसाठी टाकीतून वेगळी लाइन काढली, तिच्यावर टेरेसवरच एक छोटा बूस्टर पंप, नळ उघडला की आपोआप सुरू होतो, बंद केला की बंद. खालचे चार माळे जुन्याच लाइनवर, त्यांना काही लागतच नाही. बूस्टरच्या आधी लाइनला वर तोंड उघडी एक हवेची नळी ठेवली, नाहीतर हवा धरते आणि सगळं असून पाणी येत नाही. गीझर आता एका टक मध्ये पेटतो. एवढं करायला अकरा वर्षं लागली कारण बिल्डरनं आम्हाला पाइपलाइनचा नकाशाच दिला नव्हता, कोणता व्हॉल्व्ह कोणाचा हे त्या पोरानं पाइपावर पान्ह्यानं ठोकून, कान लावून शोधलं.

संपाबद्दल एक गोष्ट राहून चालणार नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे जो पाऊस झाला आणि अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, माझी मोठी बहीण त्याच बाजूला राहते. तिच्या बिल्डिंगमध्ये पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी, गाड्यांचं सगळ्यांनी पाहिलं, पण संपाचं झाकण जमिनीच्या लेव्हलला होतं, सगळी घाण आत. आणि चौकीदारानं सवयीप्रमाणे लाइट आल्यावर मोटर सुरू केली, ती घाण वरच्या टाकीत. दोन्ही टाक्या रिकाम्या करून, घासून, ब्लीचिंग टाकून धुवायला चार दिवस गेले, तोवर चौथ्या माळ्यावर बहात्तर वर्षांची माझी बहीण बिसलरीवर. झाकण फूटभर उंच ओट्यावर असतं तर हे झालं नसतं. तसंही नळाच्या पाण्यात जे क्लोरीन येतं, लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम असावं असं मानक आहे, ते साठवून ठेवलं की उडत जातं, उन्हात तापलेल्या टाकीत तर लवकरच, म्हणून टाकी जितकी मोठी तितकं चांगलं हा पण गैरसमजच.

आता त्या बावीस माळ्यांकडे येतो. सहा माळ्यांत वरच्याला दाब कमी पडतो, बावीस माळ्यांत खालच्याला जास्त होतो. गच्चीवर एकच टाकी ठेवून सरळ एक पाइप खाली सोडला तर पहिल्या माळ्यावर साडेसहा किलोच्या आसपास दाब येईल. नळाला एक ते तीन किलो पुष्कळ झाला. साडेसहात वॉशिंग मशीनचे व्हॉल्व्ह, फिल्टरच्या बारीक नळ्या, फ्लशचे कॉक सगळं कुरकुरायला लागतं, आणि नळ झटकन बंद केला की पाइपात धाड करून आवाज. म्हणून उंच बिल्डिंगमध्ये आठ-दहा माळ्यांचे गट पाडतात, त्याला झोन म्हणतात, प्रत्येक झोनची लाइन वेगळी, किंवा मधे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, किंवा मधल्याच एखाद्या माळ्यावर टाकी, आणि सगळ्यात वरच्या दोन-तीन माळ्यांना आमच्यासारखा बूस्टर. काही ठिकाणी वर टाकीच नसते, खालूनच पंप सतत दाब धरून ठेवतात, सोबत रबरी फुग्याचं एक पिंप असतं. ते चांगलं चालतं, पण लाइट गेली आणि जनरेटर पंपाला जोडलेला नसला की त्याच मिनिटाला अख्ख्या टॉवरचे नळ कोरडे, गच्चीवर टाकी असली तर निदान अर्धा दिवस निघतो. आगीसाठीचं पाणी वेगळं राखून ठेवावं लागतं, ते टाकीच्या आकड्यात मिळवून सांगत असतील तर तेही पाहायला पाहिजे.

यातलं कोणतंही वाईट नाही, सगळं जगभर चालतं. पण पन्नास-साठ लाख देणाऱ्या माणसाला यातलं काय केलंय ते एका पानावर सांगायला काय हरकत आहे? झोन किती, दाबाचे व्हॉल्व्ह कुठे आणि त्यांना हात पोचतो का, पंप बिघडला तर दुसरा आहे का, जनरेटरवर पंप आहे का नुसतीच लिफ्ट, संपात किती तासांचं पाणी मावतं. ब्रोशरमध्ये कुत्र्यांच्या जागेला एक पान आहे. आणि सोसायटी हातात देताना पाइपलाइनचा नकाशा द्यायलाच पाहिजे, नाहीतर पुढच्या पिढीचा प्लंबर पुन्हा पाइपाला कान लावून बसेल.

तुमच्याकडे मागणं एवढंच आहे साहेब, पुढच्या वेळी "कमी दाबाने" छापाल तेव्हा जलकुंभापाशी किती मीटर होता आणि लाइनच्या शेवटच्या घरी किती होता हे दोन आकडे विचारून छापा. ते छापले तर दोष महापालिकेचा की बिल्डिंगचा हे वाचणाऱ्याला घरबसल्या कळेल, आणि माझ्यासारखा कोणी अकरा वर्षं चुकीच्या नंबरवर फोन करणार नाही. गेज काही महाग येत नाही, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. मी माझं घेऊन ठेवलंय, सीताबर्डीला गेलो होतो तेव्हा.

तो सेल्सचा पोरगा काल पुन्हा फोन करून विचारत होता, बुकिंग कधी करता अंकल. मी म्हंटलं बाबू, झोन किती ते सांग, चेक लिहून ठेवलाय. तो म्हणाला, इंजिनिअर सरांना विचारून सांगतो, हे पत्र लिहीपर्यंत तरी फोन आलेला नाही.

आपला,
एक जुना वाचक
(सहावा माळा, नागपूर)